उंदराचा उजवा कान

प्रयोगातला सात नंबरचा उंदीर वजनकाट्यावरून उचलताना देवयानीने तक्त्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. विषाणू दिल्यानंतर तिसऱ्या दिवशीसुद्धा हा पठ्ठ्या एक ग्रॅम उतरला नव्हता. लस कितीही गुणाची असो, तिसऱ्या दिवशी उंदीर थोडा तरी वाळतोच. तेरा वर्षं उंदरांत काढल्यावर एवढं माणसाला कळतं. हा तर जावयासारखा खात होता.

ब्रिस्बेनजवळच्या त्या लॅबमध्ये घोड्यांच्या हर्पिसवरच्या नव्या लसीची चाचणी चालू होती. हा आजार झाला की गाभण घोडीचं शिंगरू पोटातच मरतं, कधी घोडीचे मागचे पाय जातात. साध्या उंदराला मात्र त्याचं फारसं काही वाटत नाही. म्हणून इथे एक जीन मुद्दाम काढून टाकलेले उंदीर वापरत. विषाणू शिरला की शरीर जी पहिली बोंब ठोकतं, ती ठोकणाराच तो जीन. तो नसला की बिचारा उंदीर पटकन आजारी पडतो, आणि लस चालते की नाही ते कळतं.

लस न दिलेले दहाच्या दहा आजारी पडले होते. लस दिलेल्या दहांतले सात ठणठणीत! लॅबचा प्रमुख यतीन तर हवेत होता. सोमवारी टुवुंबाजवळच्या मार्गो नावाच्या बाईच्या फार्मवर बारा गाभण घोड्यांना लस द्यायची ठरली. तिच्या कळपात ह्याच आजाराची साथ होती. ह्या बारा जणी तिने लांबच्या कुरणात वेगळ्या ठेवल्या होत्या. लस झाली की त्यांना परत कळपात आणणार होती. आणि देवयानीला? तिला उंदीरघराची हेड करायचं यतीनने कबूल केलं होतं.

हा उंदीर भलताच तर नाही? ओळखीसाठी त्याच्या कानाला खाच कधी पाडली ते तिने वहीत पाहिलं. मार्चचा पहिला आठवडा. त्या आठवड्यात स्प्रिंगफील्ड लेक्सच्या तळ्याकाठी पाय घसरून तिने उजवं मनगट मुरगाळून घेतलं होतं. सुट्टी घे म्हणाले सगळे. पण ऐकेल तर ती देवयानी कसली! पट्टी बांधून आली होती कामाला.

आणि तिथेच तिला चूक सापडली.

एका वेताच्या पिल्लांना नंबर कानावरून देतात. उजव्या कानाला खाच म्हणजे एक, डाव्या कानाला दोन, दोन्हींना तीन, काहीच नाही तो चार. कापलेला तुकडा त्याच नंबरच्या नळीत घालून तपासायला जातो, आणि कुणात जीन नाही ते कळतं. एरवी ती उंदीर डाव्या हातात पाठीकडून धरायची. त्या आठवड्यात मात्र कात्री डाव्या हातात घेऊन, उंदीर उजव्या तळव्यावर बसवून, तोंड आपल्याकडे करून धरला होता. समोरासमोर उभ्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो ना, तसंच झालं. उजवा समजून तिने डावा कान कापला होता. एकाचा दोन झाला, दोनाचा एक. भलतेच उंदीर प्रयोगात गेले होते, आणि त्या आठवड्यातले सगळे नेमके लसीच्या गटात.

मेलेले तिघे फ्रीझरमध्ये होते. ते आणि जिवंत सात, दहाही जणांच्या कानाचे नवे तुकडे घेऊन तिने स्वतः पुन्हा तपासले. सातांतले पाच अगदी साधे उंदीर निघाले. त्यांना लसीची गरजच नव्हती. उरलेल्या पाचांतले तीन मेले होते.

शुक्रवारी दुपारी तिने ह्या तपासणीचा कागद यतीनच्या टेबलावर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. मग उठून दार लावलं.

"ताई, हे कुणाला दाखवलंस?"

"तुलाच."

"मग इथेच राहू दे. दोन तर वाचलेच ना? लस थोडीफार चालतेय. सोमवारनंतर आपण शांतपणे प्रयोग पुन्हा करू, कुणाला कळणार पण नाही."

"आणि मार्गोच्या घोड्या? ती त्यांना कळपात सोडणार आहे, यतीन! आपल्या शब्दावर!"

"अगं, चूक तुझी आहे! मी तुलाच वाचवतोय! हे बाहेर आलं तर हेडचं विसर, उंदीरघरात पाऊल ठेवू देणार नाहीत तुला."

देवयानीला आधी लाज वाटली होती. रात्रभर तळमळली होती ती. पण हे ऐकलं आणि लाजेची जागा संतापाने घेतली.

"चूक माझी आहे म्हणूनच ती झाकायचा हक्क तुला नाही," ती म्हणाली. "माझ्या चुकीवर पांघरूण घालून तू त्या बाईच्या घोड्या मारणार, आणि वर उपकार माझ्यावर? वा रे वा!"

"थोडी प्रॅक्टिकल हो, ताई."

"तेच करतेय."

ती तिथेच उभी राहिली आणि फोनवर ईमेल लिहिलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या कमिटीला, सोबत मार्गोला. काय चुकलं, कसं चुकलं, किती उंदीर. कोणाकडून, ह्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव. यतीन "थांब, थांब" म्हणेपर्यंत ते गेलंसुद्धा.

शनिवारी मार्गोचा फोन आला. घोड्या लांबच्या कुरणातच राहतील, एवढंच बोलली. थँक्यू वगैरे काही नाही. देवयानीने त्याची अपेक्षाही केली नव्हती.

सोमवारी कमिटीची पाच माणसं आणि समोर ती. यतीन कोपऱ्यात, खाली मान घालून. तिने मनगट पुढे धरून उंदीर कसा बसवला होता ते दाखवलं, एक अक्षर लपवलं नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. प्रयोग रद्द, पुन्हा पहिल्यापासून, असं ठरलं. तुला आणखी काही म्हणायचंय का, त्यांनी विचारलं. राजीनाम्याची वाट बघत असल्यासारखे सगळे तिच्याकडे बघत होते.

"हो," देवयानी म्हणाली. "नवीन पिल्लांचे कान मीच कापणार."

कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. यतीनने मान वर केली.

"उंदीर कसा धरल्यावर काय चुकतं, ते ह्या बिल्डिंगमध्ये माझ्याइतकं आज कुणालाच माहीत नाही. विश्वास नसेल तर शेजारी माणूस उभा करा, कॅमेरा लावा, प्रत्येक नंबर दोघांनी वाचा. पण हात माझेच असतील. पिल्लं बारा दिवसांची झालीत, गुरुवारी खाचा पाडायच्यात. तोवर काय ते ठरवा."

आणि कुणी जा म्हणायच्या आधीच ती उठून पिंजरे बदलायला गेली.