टाचा टेकवायची चौकट

बोल बोल म्हणून मागे लागलात, म्हणून बोलतो. नाहीतर लाकडाला कशाला हवी बडबड? मी मुलांना उभं करायची चौकट आहे. चार बुकं शिकलेलो नाही, तेव्हा गोडगोड बोलणं जमणार नाही.

मला घडवताना सुतारही वैतागला होता. "ना खुर्ची, ना टेबल. हे लचांड आहे तरी काय?"

व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "यात चार वर्षांची मुलगी उभी राहणार आहे. कड गुडघ्याला लागता कामा नये."

मग त्यानं कड अशी घासली, की मलाच गुदगुल्या झाल्या.

त्या मुलीला घरात चिमणी म्हणत. जन्मताना तिच्या मेंदूला इजा झालेली. पाय ताठ, टाचा कायम अधांतरी. बाईंनी तिच्या आईला बसवून समजावलं, "इजा वाढत नाही. पण मूल वाढतं, हाडं लांबतात आणि ताठरलेले स्नायू मागे राहतात. म्हणून रोज टाचा टेकवून उभं करायचं. चालेलच असं वचन देत नाही. पाय आखडू नयेत एवढं बघू."

आई कामावर निघताना सासऱ्यांना सांगायची, "बाबा, मी जेवायला येईपर्यंत तासभर उभी करा हं."

"करतो की, सूनबाई."

आजोबा पट्टे बांधायचे. चिमणी जरा कुरकुरली, की यांच्या काळजाचं पाणी पाणी. "पोरीला खोड्यात घातलंय नुसतं," असं म्हणत पट्टे सोडायचे आणि तिला मांडीवर घेऊन टीव्ही लावायचे. जिन्यात पावलं वाजली, की पुन्हा तिला माझ्यात घाईघाईनं बांधायचे. "चल गं, आपले साहेब आले." दोघं तोंड दाबून हसायची.

"रडली का हो?" आई आत येताच विचारायची.

"छे. शहाण्यासारखी उभी होती."

पुढल्या तपासणीला बाई घरी आल्या, तर टाचा आणखी वर. बाईंनी विचारलं, "रोज उभी करता ना?" आई म्हणाली, "रोज." बिचारीला जे ठाऊक होतं तेच बोलत होती. आजोबा दाराशी चपलेचा अंगठा चाचपत राहिले.

"मग चौकटच मापाला बसत नसेल," बाई म्हणाल्या. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पोरीला चावलोय. माझी रवानगी गॅलरीत झाली. नवी चौकट आली. तिचंही तेच झालं, आता ती माझ्याच शेजारी धूळ खाते.

मग पाय ताणून ठेवायला प्लास्टर, मग ऑपरेशन. चिमणी आता मोठी आहे, चाकाच्या खुर्चीत असते आणि सगळ्यांची फिरकी घेते. माझ्यामुळे ती चालली असती, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच ठाऊक नाही. पण पाय आखडण्याआधी होता तेवढा वेळ टीव्हीपुढं गेला.

मूल कुरकुरलं तर बाईंना विचारा. पट्टा कुठं काचतोय ते बघा, गाणं म्हणा, गोष्ट सांगा. जीव तुटला आणि सोडलं, तर तेही सांगा. पण उभी होती म्हणू नका.

हल्ली आजोबांचे गुडघे धरतात. गॅलरीत ऊन खाऊन झालं, की माझी कड पकडून उठतात. मी धरतो, कामच आहे माझं. परवा उठता उठता थांबले, पट्ट्यावर हात फिरवला. वाटलं, आता बोलतील. ओला टॉवेल माझ्यावर वाळत घातला आणि आत गेले.

सूनबाईंना काय सांगायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. दोष माझ्यावर आला, त्याची माफी मात्र राहिलीय. ती मागायचीय चिमणीच्या आजोबांनी.