ठिपक्यांचा नियम

गुणाजीला एका जागी बसवत नव्हतं. गिरणी बंद पडून वर्ष उलटलं तसा हा चाळाच लागला होता. बूड टेकलं की लगेच उठावंसं वाटायचं. पण बोरिवलीच्या जंगलात, पहाटे पाणवठ्याशी सावजाची वाट बघताना चुळबुळ करून भागत नाही. शेजारी बसलेल्या मेहुण्याचे, शिवदासचे, दोनदा डोळे वटारून झाले होते.

सगळं अडलं होतं भाऊरावांच्या जिभेपायी. मरोळच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर. "मुलाच्या साखरपुड्याला हरणाचं मटण आण, सोमवारी कामाला लागलास समज," म्हणाले होते. गुन्हा होता, हे गुणाजीला ठाऊक होतं. पण घरात बायको मालन लोकांची धुणीभांडी करून सगळ्यांना पोसत होती, आणि रिकाम्या पुरुषाला कायदाबियदा फार वेळ आठवत नाही.

उजाडता उजाडता चितळांचा कळप उतरला. पुढेच मोठ्या शिंगांचा जुना नर. शिवदासने कोपराने ढोसलं. गुणाजीने ठासणीची बंदूक उचलली, नेम धरला आणि तसाच थिजला. नराच्या अंगभर पांढरे ठिपके होते.

कोकणात त्याचे वडील गावपारधीचे म्होरके. अंगावर ठिपके असतील तर ते पाडस, त्याला वाढू द्यायचं, हे त्यांनी लहानपणीच बजावलं होतं. तिकडे भेकरं असतात, त्यांचे ठिपके मोठेपणी जातात. चितळ वडिलांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"मारा ना भावोजी," शिवदास कुजबुजला. "चितळ आसा ता. म्हातारां झालां तरी ठिपके रवतत."

गुणाजीला पटलं. बोटाला काही पटेना. कळप पाणी पिऊन निघूनही गेला.

शिवदासने कपाळावर हात मारला. "वाट लागली. आता सोमवारी जाऊन काय सांगतलात?"

तेवढ्यात करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. सांबर. डोकं पानांआड होतं, पण कूस दिसत होती: रुंद, तपकिरी, एकही ठिपका नसलेली. गुणाजीला एवढं हायसं वाटलं की डोकं दिसेपर्यंत थांबायचं सुचलंच नाही. बार उडाला.

जवळ गेले तर मादी. कास दुधाने तटतटलेली. थोड्या वेळाने बावरून पळालेलं तिचं पिल्लू परत आलं आणि आईला हुंगू लागलं. त्याच्याही अंगावर ठिपका नव्हता. सांबराचं पोर असंच असतं, हे गुणाजीला कुणी सांगितलंच नव्हतं.

एवढं धूड दोघांना उचलणं शक्य नव्हतं, आणि आवाज ऐकून गार्ड कधीही येणार होता.

"ह्येका हयच ठेवलात तर सांजेक बिबटो खातलो," शिवदास पिल्लाकडे बघत हळूच म्हणाला. "आणि ह्या आपणांक उचलूक जमात."

गुणाजीने बंदुकीच्या नळीत दारू ओतली आणि गजाने ठासायला लागला. स्वतःची एवढी शिसारी त्याला कधी आली नव्हती, तरी हात थांबले नाहीत. पिल्लूही आईपासून हललं नाही.

सोमवारी कारखान्याच्या फाटकावर भाऊराव स्वतः आले, खांद्यावर हात टाकून त्याला आत घेऊन गेले.

"झकास काम केलंस. काय कोवळं मटण होतं रे, पाव्हणे अजून नाव काढतायत." मशीनपाशी थांबून ते म्हणाले, "लग्नालाही असंच कोवळं बघून आण."

"आणतो," गुणाजी म्हणाला.