घट्ट झाकणाचा तांब्या

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. पितळेचा, आतून कल्हई केलेला, मानेला आटे पाडलेला. त्या आट्यांवर फिरवून माझं झाकण बसवायचं. उलटं केलं की त्याचाच पेला होतो. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून आमची जात जन्माला आली, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. परक्याच्या घरचं पाणी प्यावं लागू नये, म्हणून आम्हाला घडवलं. जन्मच संशयापोटी झालेला, मग तो स्वभावात उतरणार नाही तर काय!

बेंगळूरच्या चिक्कपेठेत मल्लाप्पा नावाचा भांडी घडवणारा होता, मी त्याच्या हातचा. रत्नाबाईंच्या आईने मला घेण्याआधी पाणी भरून तासभर उलटं धरायला लावलं होतं. थेंबही गळला नाही. तरी निघताना ती म्हणालीच, "आज नाही गळला, उद्याचं कुणी सांगावं?" पुढे रत्नाबाईंच्या रुखवतातून मी मल्लेश्वरमला जयसिंगरावांच्या घरी आलो, आणि आईचा हा गुण लेकीबरोबर माझ्या आधीच तिथे पोचला होता.

हे मराठे लोक साडेतीनशे वर्षांपासून इथले. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि राग आला की दोन्ही. जयसिंगराव भोळेभाबडे, कुणाच्याही बोलण्यावर मान डोलावणारे. त्यांची कसर रत्नाबाई भरून काढत. दूधवाल्याचं दूध, नळाचं पाणी, शेजारणीचं हसू, कशावर म्हणून त्यांचा भरवसा नव्हता. लग्नात जेवायला गेल्या तरी मी त्यांच्या पिशवीत. झाकण त्या स्वतः आवळायच्या, पदर गुंडाळून, सगळा जोर लावून. मला त्याचा अभिमान होता. माझ्यातलं पाणी म्हणजे खात्रीचं पाणी!

शहाण्णव साली त्यांच्या मुलाचं, अभिमन्यूचं लग्न झालं. सून होसकोट्याची, भव्या. कानडी चालीने ती सासूला अत्ते म्हणायची, आणि त्यापुढे फारसं काही म्हणायची नाही. रत्नाबाईंना गप्प माणूस सगळ्यांत घातकी वाटतो. मला चिंचेने घासताना त्या पुटपुटायच्या, "हिच्या पोटात काय आहे, कळत नाही बघ." मलाही ते पटायचं. माझ्या पोटात काय आहे तेही बाहेरून कुणाला दिसत नाही, हे मात्र माझ्या ध्यानात कधी आलं नाही.

चार महिन्यांनी अभिमन्यूने कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाची चार तिकिटं काढली. बायकोला फिरवायचं होतं, आईवडिलांना वाईट वाटायला नको म्हणून त्यांचीही काढली. ऐन वेळी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्याच्या कंपनीत परदेशी पाहुणे यायचे ठरले आणि रजा रद्द झाली. बेटावर जायचे परवाने निघालेले होते. तेव्हा मधुचंद्राला निघाली ती सून, सासू, सासरे आणि मी.

पहिल्याच रात्री समुद्र खवळला. जहाजावर अर्ध्या लोकांना उलट्या झाल्या, भव्यालाही झाल्या. पण तिने संध्याकाळी जहाजातल्या नळाचं पेलाभर पाणी प्यायलेलं रत्नाबाईंनी पाहिलं होतं. झालं! सकाळी त्यांनी बजावलं, "आता तांब्यातलं सोडून दुसरं पाणी बेडा म्हणजे बेडा, नकोच. कळलं?"

"सरी, अत्ते," भव्या म्हणाली. तिचे ओठ तेव्हाच कोरडे पडले होते.

मग रत्नाबाई जहाजाच्या भटारखान्यात गेल्या. तिथल्या माणसासमोर उभ्या राहून त्यांनी पाणी खळखळ उकळवून घेतलं, कढत कढतच माझ्यात ओतलं आणि झाकण आवळलं. इतकं आवळलं की माझे आटे कुरकुरले. काय चुकतंय ते ना त्यांना कळलं, ना मला.

बेटाजवळ पाणी उथळ, म्हणून जहाज लांबच थांबलं. छोट्या होड्यांतून आम्हाला किनाऱ्यावर नेलं. दिवसभर बेटावर राहायचं आणि चारला परत जहाजावर, असा बेत होता. पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी, माडच माड. लोक वेडावून गेले होते. मला मात्र ते सगळं जरा जास्तच सुंदर वाटलं. इतकं स्वच्छ पाणी कशाला लागतं समुद्राला?

किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बेटावरचे लोक शहाळं देत होते. जयसिंगरावांनी दोन प्यायली आणि तिसऱ्याला हात पुढे केला.

"अहो, थांबा स्वल्प! ओळख ना पाळख, सुम्ने, फुकट कशाला देतील कुणी?" रत्नाबाई म्हणाल्या.

"अगं, पाहुणे आहोत आपण त्यांचे."

"म्हणूनच म्हणते."

भव्याने हातातल्या शहाळ्याकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं, आणि ते परत केलं. थोड्या वेळाने जयसिंगराव काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघायला निघून गेले. या दोघी माडाखाली चटईवर बसून राहिल्या. वारा पडला, उन्हं डोक्यावर आली. भव्याने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, आणि रात्री पोटातलं सगळं बाहेर पडलं होतं.

"अत्ते, पाणी देता?" तिने एकदाचं विचारलं.

रत्नाबाईंनी मला पिशवीतून काढलं आणि झाकण फिरवलं. ते हललं नाही. पदर गुंडाळून फिरवलं, गुडघ्यांत धरून फिरवलं, दगडावर ठोकलं. छे! आतून कुणीतरी झाकण ओढून धरल्यासारखं झालं होतं, आणि तो मीच होतो. मला सोडता येईना. पोटात दीड शेर पाणी, समोर तहानलेली पोर, आणि मी नुसता घट्ट. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

रत्नाबाईंना मात्र वेगळंच सुचलं. त्यांनी सुनेकडे रोखून पाहिलं. "होडीत चढताना पिशवी तुझ्याकडे होती ना?"

"हो."

"मग तूच आवळलंस हे. तांब्या उघडला नाही की शहाळं प्यायला मोकळी, असंच ना? तरीच म्हटलं, इतकी गप्प कशी!"

खोटं, खोटं! मी ओरडत होतो, पण तांब्याचं ओरडणं कोण ऐकणार? तिने मला बोटही लावलं नव्हतं. भव्याचे डोळे भरून आले. ती काहीतरी सांगायला उठली, दोन पावलं चालली आणि वाळूत कोसळली.

रत्नाबाईंची किंकाळी ऐकून जवळच्या घरातून एक म्हातारी धावत आली. डोक्यावरून ओढणी, कानात ओळीने चांदीच्या बाळ्या. तिने भव्याचं डोकं मांडीवर घेतलं, जीभ पाहिली, आणि आपल्या भाषेत रत्नाबाईंना चांगलंच झापलं. शब्द कळले नाहीत, पण झापलेलं कोणत्याही भाषेत कळतं. घरातून कुणीतरी शहाळं फोडून आणलं. म्हातारीने ते भव्याच्या ओठांशी नेलं, तोच रत्नाबाईंनी तिचं मनगट धरलं.

आता रत्नाबाई हेही अडवून पोरीचा जीव घेणार, असं मला वाटलं.

रत्नाबाईंनी शहाळं ओढून घेतलं आणि आधी स्वतःच्या तोंडाला लावलं. दोन मोठे घोट. मग डोळे मिटून क्षणभर थांबल्या. "जे व्हायचं ते आधी मला होऊ दे," असं त्या पुटपुटल्या, ते फक्त मी ऐकलं. काही झालं नाही. मग त्यांनी ते सुनेच्या तोंडाशी धरलं. थेंब थेंब करत भव्याने अर्धं शहाळं प्यायलं तेव्हा कुठे तिने डोळे उघडले.

दोघींना म्हातारीने आपल्या घरी नेलं. भव्याला खाटेवर निजवलं, विहिरीच्या पाण्यात भिजवलेलं फडकं कपाळावर ठेवलं. त्या विहिरीचं पाणी जरा मचूळ होतं. रत्नाबाईंनी ते मागून घेऊन प्यायलं. तिथेही आधी स्वतः, मग सून.

जयसिंगराव धापा टाकत आले. न उघडणारं माझं झाकण म्हातारीने पाहिलं, हसली, आणि मला उलटं करून माझी मान गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून काढली. फस्स करून हवा आत शिरली. मग तिने दोन बोटांनी झाकण फिरवलं.

"अगं, कढत पाणी भरून लगेच आवळलंस तू," जयसिंगराव म्हणाले. "गार होताना त्यानं झाकण आत ओढून धरलं. कुणी काही केलेलं नाही याला."

रत्नाबाईंनी भव्याकडे पाहिलं. भव्या खाली बघत होती. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला ती कुठून सुरू करावी हेच कळत नाही. परतीच्या होडीत रत्नाबाईंनी सुनेचा हात धरला आणि जहाजाच्या शिडीपर्यंत सोडला नाही. म्हातारीचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

रत्नाबाई एकदम बदलल्या, असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. दूधवाल्यावर त्यांचा अजूनही भरवसा नाही. फक्त सुनेवर संशय घेताना जीभ अडखळायला लागली, आणि पुढे ते त्यांनी सोडून दिलं.

गेल्या वर्षी अभिमन्यूने ऑफिसजवळ भाड्याने घर घेतलं. सामान बांधताना रत्नाबाईंनी मला पुसलं आणि भव्याच्या हातात दिलं.

"अत्ते, याचं झाकण?" भव्याने विचारलं.

"ते राहू दे माझ्याकडे."

"का?"

"ते मीच आवळलं होतं, पुट्टी," लाडक्या लेकीला म्हणावं तसं रत्नाबाई म्हणाल्या. तेवढंच. भव्याने मला तिथेच खाली ठेवलं आणि सासूच्या गळ्यात पडून रडली. सासूही रडली. जयसिंगराव उगाचच खिडकीबाहेर बघत राहिले.

आता मी भव्याच्या ओट्यावर उघडाच असतो. धूळ पडेल, मुंगी येईल, ही धाकधूक काही जात नाही. जन्माची खोड ती. पण घरी आलेला कुणीही, न विचारता, माझ्यातलं पाणी ओतून घेतो. भरलेला असूनही देता आलं नाही असा एक दिवस मी भोगलाय, तो दुसऱ्या कुठल्या भांड्याच्या वाट्याला येऊ नये. बोलून झालं माझं. उन्हातून आला असाल, तर आधी घोटभर पाणी घ्या.