मळ्यामागच्या कड्यावर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. एक म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो. खरं तर आता माझे तेवीस तुकडे झालेत आणि ते एका गाडीच्या डिकीत, पिशवीत कोंबलेले आहेत.

कारखान्यात माझा जन्म झाला. आत पांढऱ्या धाग्यांचे पीळ, वर निळ्या विणीचं कवच. कडे चढणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतलं. सहा वर्षं मी तिच्या कमरेला होतो. माझ्यावर कुणी पाय दिला तर ती भांडायची. दर चढाईआधी मला बोटांतून इंच इंच सरकवून तपासायची, अगदी तापलेल्या लेकराचं अंग चाचपावं तसं.

मग तिला बाळ झालं. गच्चीवर दुपटी वाळत घालायला दोरी पुरेना, तेव्हा तिच्या नवऱ्याने मला ताणून बांधलं. "दोनच दिवस गं," तो म्हणाला. ते दोन दिवस अकरा महिने चालले. डाग घालवायच्या औषधाचं पाणी माझ्यात झिरपायचं आणि वरून ऊन भाजायचं. निळा होतो तो राखाडी झालो. आत काय होत होतं, ते कुणाला दिसत नव्हतं. बाळावर मात्र मी कधी रागावलो नाही. ओल्या दुपट्यांना दुधाचा वास यायचा.

एके दिवशी ती म्हणाली, "कुठेतरी जाऊन येऊ या रे. माझे हात चढणं विसरलेत." बाळाला आत्याकडे सोडून दोघं निघाली. गाव अनोळखी होतं. तिथल्या दुकानदाराच्या मागे पाण्याच्या बाटल्यांची रांग होती, तरी तो "पाणी नाही" म्हणाला. हातपंपावरच्या बायकांनी वाट विचारताच पाठ फिरवली. कड्याकडे जायचं तर एका मळ्यातून जावं लागायचं आणि मळ्याचा मालक फाटकात आडवा उभा होता.

"संध्याकाळपर्यंत परत येतो, काका," नवरा म्हणाला.

"काका कुणाला म्हणता? मागच्या वर्षी आले तेही काकाच म्हणत होते. फाटक सताड उघडं टाकून गेले. शेळ्यांनी सगळा कोबी फस्त केला माझा."

"आम्ही लावून घेऊ."

मालकाने नवऱ्याच्या खांद्यावरून माझं टोक ओढलं आणि नखाने खरवडलं. तो विहिरीत उतरून गाळ काढणारा माणूस होता. "हा किती उन्हं खाऊन आलाय? मी याला रेडकूसुद्धा बांधणार नाही. जा परत."

मला ओरडावंसं वाटलं, की बाबांनो, हा खरं बोलतोय!

"हाकलायला काहीही थापा मारतोय," फाटक लावताना नवरा पुटपुटला.

कड्याखाली तिने मला हातात घेतलं, पण मालक बांधावरून टक लावून बघत होता. त्या नजरेने ती घायकुतीला आली. "आटप पटकन," ती म्हणाली आणि मला न तपासताच तिने कमरेला गाठ मारली. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

नवऱ्याने आधीच पायवाटेने माथ्यावर जाऊन झाडाला कडी अडकवली होती आणि तिच्यातून मला खाली सोडलं होतं. नवरा खालून मला आवरत होता. माथा दोन पुरुष उंचीवर उरला असताना तिचा पाय सुटला. तिचा सगळा भार माझ्यावर आला, मी दगडाच्या धारेवर घासलो आणि माझं कवच टरकन फाटलं. आतले धागे एकामागून एक तुटू लागले. तिने वर पाहिलं. तिला सगळं दिसलं. तिने एका खाचेत बोटं रोवली.

"खाली सोडू का?" नवरा ओरडला.

"नको! हलवू नकोस! तुटतोय!"

मित्रांनो, मी पूर्ण जोर लावला. पण जोर उरलाच नव्हता.

तेवढ्यात, बांधावरून केव्हाच निघालेला मालक पायवाटेने धापा टाकत माथ्यावर पोचला. त्याने आपला विहिरीचा काथ्याचा दोर झाडाला वेढला आणि खाली टाकला. "बांध कमरेला! एका हाताने बांध! रडतेस काय?"

तिने बांधला. ती चढत गेली, मालक दोर ओढत गेला. वर पोचताच तिने हात जोडले.

"राहू दे ते. माझ्या मळ्यात प्रेत नको होतं, म्हणून आलो."

खाली आल्यावर नवऱ्याने मला उचललं. "फाटकं तेवढं कापलं तर उरलेला चालेल. वरून बरा दिसतोय."

तिने मालकाकडे विळा मागितला आणि मला मांडीवर घेऊन माझे तुकडे करत सुटली. पुन्हा कुणी मला कमरेला बांधू नये, म्हणून. एकेक तुकडा तिने कापण्याआधी बोटांत धरून पाहिला.

"इथे कचरा टाकायचा नाही," मालक म्हणाला. त्याने विळा परत घेतला आणि ती दोघं बाहेर पडताच फाटकाला कुलूप घातलं.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर जीव टांगायचा, त्याच्यावर दुसरं काम लादू नका. लादलंच, तर पुन्हा त्याच्यावर जीव टांगू नका. आणि कुणी खेकसून सांगितलं, तरी सांगितलं काय तेवढं ऐका.

त्या संध्याकाळी एका बाळाची आई त्याला आत्याकडून घेऊन घरी पोचली. तिला वाचवलं दुसऱ्याच दोराने. मला याचं वाईट वाटत नाही. डिकीतून मी बाळाचं खिदळणं ऐकलं.