पाठीत चिकटवलेली ओळ

मी एक जुना, हाताने लिहिलेला ग्रंथ आहे, मित्रांनो, आणि मला घटकाभरही चैन पडत नाही. जुन्या वस्तूंनी कसं शांत असावं, असं तुम्हाला वाटत असेल. माफ करा, ते माझ्याच्याने होणार नाही.

मला लिहिलं एका लेखनिकाने. त्याचं बोट कायम काळं, म्हणून सगळे त्याला शाईबोट्या म्हणत. माणूस गुणी, पण तंद्री लागली की गेला कामातून! नियमांचं पान उतरवताना त्याने 'वाचन सुरू होताच सर्वांनी उभं राहावं' ही ओळ लिहिली आणि तिच्या पुढची चक्क गाळली. संध्याकाळी ताडून पाहताना चूक सापडली. एवढं देखणं पान फाडायला त्याचा जीव होईना, म्हणून राहिलेली ओळ त्याने बारीक अक्षरात समासात बसवली: 'ज्याचे पाय साथ देत नाहीत, त्याने बसून ऐकावं.'

पुढची चाळीस वर्षं प्रार्थनाघरात मला रोज वाचलं गेलं. धडधाकट माणसं उभी राहत, म्हातारीकोतारी मागच्या बाकांवर टेकत आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. माझ्यातले शब्द घेऊन लोक भांडणं मिटवत, लेकरांची नावं ठेवत, गाणी रचत. खोटं कशाला बोलू, मी अगदी हरखून जाई.

हजारो बोटं लागून माझ्या कडा झिजल्या, तेव्हा मला बाइंडरकडे नेलं. त्याच्या हातात कसब होतं, पण अक्षरओळख नव्हती. त्याने मला दोन फळ्यांमध्ये आवळलं आणि धारदार पात्याने कडा सरळ कापून काढल्या. समासातली ओळही कापली गेली. चांगला कागद वाया का घालवा, म्हणून त्याच पट्ट्या त्याने खळ लावून माझ्या पाठीत, कातड्याच्या आत चिकटवून टाकल्या. पानाच्या कडेला राहिले फक्त अक्षरांचे तुटके शेंडे. पाहणाऱ्याला ते शाईचे डाग वाटत.

ती ओळ ठाऊक असलेली माणसं एकेक करून गेली. मग नवा वाचक आला, म्हणजे मला लोकांपुढे मोठ्याने वाचणारा. त्याने पानावर दिसलं तेवढं वाचलं आणि बाक बाहेर काढायला लावले. त्याच्या नातवाकडे वाचकाचं काम आलं, तोवर उभं राहणं ही श्रद्धेची खूण होऊन बसली होती. पाय लटपटणारी माणसं घरीच राहू लागली. मी नुसता तळमळत होतो. ओळ माझ्याच पाठीत, आणि मला तोंड नाही!

या नातवाची आई माझी सगळ्यात जुनी श्रोती. गुडघ्यांनी दगा दिला आणि एके दिवशी ती भर वाचनात मटकन खाली बसली. चार माणसांनी वळून पाहिलं. वाचकाचा चेहरा पडला.

"आई, ग्रंथात लिहिलंय तसं करावं लागतं. मी नाही लिहिलं ते," तो नंतर म्हणाला.

"मग तुझ्या ग्रंथाला सांग, लिहिताना माझ्या गुडघ्यांना विचारायचं होतंस!"

दुसऱ्या दिवसापासून ती बाहेर पायरीवर बसू लागली. तिथे काही ऐकू येत नसे. दारातून मला तिची पाठ दिसे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. ती थकत चालली होती. तिने ऐकायचं तरी कधी?

अखेर माझी शिवणच उसवली, तेव्हा एका दुरुस्ती करणाऱ्या बाईला बोलावलं. ओल्या फडक्याने पाठीवरचं कातडं सोडवता सोडवता तिचा हात थांबला. पट्ट्या अलगद काढून तिने त्या पानाच्या कडेला लावून पाहिल्या. डागांना अक्षरं जुळली.

"दादा, जरा इकडे या. हे तुम्हीच वाचा."

वाचकाने वाचलं. पुन्हा वाचलं. मग तो भिंतीला धरून खाली बसला. "मी आईला बाहेर बसवलं हो," एवढंच तो म्हणाला आणि रडला.

त्याने स्वतः बाक आत आणला. आई बसली. पण तोवर तिचे कानही गेलेले.

"काय पुटपुटतोयस? जवळ ये की जरा!"

मग त्याने मला उंच चौरंगावरून उचललं, तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या कानाशी वाकून वाचलं. तिचा खरबरीत हात माझ्या पानावर होता. इतकं सुख मला कधीच मिळालं नव्हतं. त्या हिवाळ्यात ती गेली.

त्यालाही आता कैक पिढ्या लोटल्या. आता ऐका. परवा एक नवखा वाचक जुना चौरंग शोधून, मला त्यावर ठेवून उभ्यानेच वाचू लागला, तर लोक त्याच्या अंगावर धावून गेले. "खाली बसा आधी! ग्रंथ मांडीवर घेऊनच वाचायचा असतो. बापजाद्यांपासून चालत आलंय!" चौरंग तर त्यांनी लगेच पुन्हा अडगळीत टाकला.

त्या वाचकाची पाठ दुखते, मित्रांनो. त्याला खाली बसवत नाही. मला धूळ लागू देऊ नका, वाळवी लागू देऊ नका, ते सगळं कराच, पण त्याआधी कुणीतरी त्याला विचारा हो, "दादा, तुम्हाला कसं बरं पडेल?"