अमिबाची पकड आणि कुसाबाईंचं तीर्थ

मखमलाबादच्या मळ्यात कुसाबाईंनी त्या श्रावणात सोळा सोमवार धरले ते लेकीसाठी. रूपाली पुण्याला अमिबावर संशोधन करत होती आणि काही केल्या तिचा प्रबंध पुरा होईना. सोमवारचा उपास तर होताच, पण कुसाबाईंनी त्यात आपला एक नेम घातला. विहिरीचं ताजं शेंदलेलं पाणी रोज पिंडीवर घालायचं, त्यातलं वाटीभर तीर्थ घ्यायचं आणि मगच तोंडात काही घालायचं. महादेवाने नेम मानून घेतला असेल, पोटाने मात्र घेतला नाही.

दिवाळीला रूपाली आली तेव्हा आई पार वाळली होती. आव पडायची, डॉक्टरांच्या गोळ्यांनी थांबायची, की पुन्हा सुरू. रूपालीने तपासणी करून घेतली.

"आई, मी ज्याचा अभ्यास करते तोच तुझ्या पोटात निघाला."

"मग घरचाच म्हणायचा," कुसाबाई म्हणाल्या.

कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता त्यांनी विचारलं, "पण करतो काय तो एवढा?"

"त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं. आतड्याच्या पेशींवर एका साखरेचे बारीक कण असतात, ते ओळखून हे प्रथिन पेशीला धरतं. आधी धरायचं, मग मारायचं. धरताच आलं नाही तर त्याचं काही चालत नाही."

"लुगड्याला कुसळ चिकटावं तसं?"

"तसंच. आणि गंमत अशी, की काचेच्या बशीत आम्ही ती साखर वेगळी टाकली, तर ते प्रथिन तिलाच धरून बसतं. पेशी सुटते. दुधातही असते ती साखर."

कुसाबाईंनी यातलं दूध-साखर तेवढं उचललं. दुसऱ्या दिवसापासून तीर्थात दूध आणि साखर पडू लागली. शेजारच्या सुलाबाईंना त्यांनी सांगूनही टाकलं, "जंतूचे हात बांधलेत मी. आता बसू दे उपाशी."

उद्यापनाच्या आदल्या दिवशी रूपालीला देव्हाऱ्याजवळ तांब्याची कळशी दिसली. आत पांढुरकं, गोड पाणी.

"हे काय गं?"

"उद्याचं तीर्थ. जोडपी येणार नाय का जेवायला?"

"पाणी विहिरीचंच?"

"मग काय नळाचं घेऊ? नेम हाय माझा."

"आई, पलीकडे नवी वसाहत झाली. तिचे शोषखड्डे आपल्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहेत. अमिबा तिथूनच येतोय."

"येऊ दे की. दूध घातलंय. तूच बोललीस."

रूपाली खालीच बसली. "ते बशीतलं होतं गं. दुधातली साखर वरच्या आतड्यातच जिरते. अमिबा बसतो खाली, मोठ्या आतड्यात. त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही. पाण्यातून येताना तर तो कवचात असतो. तेव्हाच उकळून मारायचा."

"उकळलेलं तीर्थ? त्यात जीव राहतो का?"

"तो जीवच तर मारायचाय."

कुसाबाईंना हसू आलं नाही. "नेम मोडला तर तुझंच नुकसान हाय, रूपे. तुझ्यासाठी धरलाय."

"आणि सुलामावशीची सून? दिवस गेलेत तिला. उद्या पहिली वाटी तीच पुढे करेल."

 कुसाबाई चुलीपाशी जाऊन निखाऱ्यावरचे चुरम्यासाठीचे कणकेचे मुटके उलटू लागल्या. सुलाबाईंची सून कुसाबाईंना हाक मारायची ती आत्या म्हणून, आणि त्यांच्या हातचं तीर्थ ती डोळे मिटून पिणार होती. लेकीचा प्रबंध एका बाजूला, ती पोर दुसऱ्या. एक मुटका आत कच्चा वाटला, तो त्यांनी पुन्हा निखाऱ्यावर सारला. मग हात तसाच थांबला.

"कच्ची कणीक कधी महादेवापुढं ठेवलीय का मी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अग्नीतून गेल्याबिगर नैवेद्य होत नाय. मग माणसाला कच्चं पाणी का पाजते मी?" त्यांनी कळशी उचलली आणि केळीच्या आळ्यात रिकामी केली. "मोठं पातेलं काढ. चांगलं खळाखळा उकळू दे. आणि कळशी नुसती विसळू नको, उकळत्या पाण्याने धू."

संध्याकाळी पाणी निवल्यावर त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या. हात जोडून हळू आवाजात म्हणाल्या, "देवा, पिंडीवर विहिरीचं पाणी पडेल, नेमाप्रमाणं. पोटात उकळलेलं जाईल. विचारत नाय, सांगतेय. पोरीचं तू बघ."

उद्यापनाला सुलाबाईंनी वाटीत वाकून पाहिलं. "दूध नाय आज? जंतूचे हात सुटले वाटतं."

"हात कसले, जंतूच शिजवला," कुसाबाई म्हणाल्या आणि सुनेच्या वाटीत पळीने तीर्थ घातलं. "घे गं, पी निवांत."

ती प्यायली. मग कुसाबाईंनी त्याच पातेल्यातलं आपल्या वाटीत ओतून घेतलं.