चव्वेचाळीस की चोपन्न

तो आकडा चव्वेचाळीस होता की चोपन्न, हे सिद्धोधनला काही केल्या कळत नव्हतं. मोबाइलवरचा वहीच्या पानाचा फोटो तो दोन बोटांनी ताणून मोठा करत होता, आणि जितका मोठा करावा तितका आकडा विरघळत चालला होता... पहिल्या अंकावर सावली पडली होती. त्याच्याच अंगठ्याची. फोटो घाईघाईत काढलेला, कारण बाहेर उस्ताद गिऱ्हाइकाशी बोलत होते, आणि ते एकाएकी आत आले तर वही कुठं लपवायची हेसुद्धा त्यानं ठरवलं नव्हतं.

उस्ताद म्हणजे दत्तराव. मानवतला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आणि त्या दुकानात सिद्धोधन अकरा वर्षं जळालेल्या मोटारींत नवी तार भरत आलेला. वही उस्तादांची, तीस वर्षांत एकेक मोटार उघडून, एकेक वेढा मोजून लिहिलेली – कंपनी कोणती, स्लॉट किती, तार किती जाडीची, वेढे किती. ती ड्रॉवरमध्ये असायची आणि ड्रॉवरला कुलूप नव्हतं. कुलूप असतं तर बरं झालं असतं, असं या पंधरा दिवसांत त्याला कितीदा वाटलं. कुलूप तोडणाऱ्याला निदान चोर म्हणता येतं. उघड्या ड्रॉवरमधली वही घेऊन, तिची पानं एकामागून एक मोबाइलमध्ये भरून ती होती तशी परत ठेवणाऱ्याला काय म्हणायचं?

पेडगावात त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गावातल्याच सूर्यभानची पाच एचपीची पाण्याची मोटार उघडून पडली होती. आधी कुणीतरी अंदाजानं भरलेली, दोन हंगामांत दोनदा जळालेली, त्यामुळे जुने वेढे मोजून काही उपयोग नव्हता. आणि सूर्यभानचा गहू पाण्यावर आलेला. ‘मानवतला कशाला हिंडवतोस, इथंच भर की,’ तो म्हणाला होता. हेच पहिलं काम. नोकरी चालू ठेवायची, दुकानाच्या सुटीला आणि संध्याकाळी इथं बसायचं, जम बसला की मग पुढचं पुढं – असं सगळं ठरलेलं. फक्त सूर्यभानला सुटीपर्यंत दम नव्हता, म्हणून काल सकाळी रजेसाठी फोन करावा लागला... ‘उस्ताद, आईला ताप आलाय.’

त्याची बायको रेणुका बाळंतपणाला माहेरी, येलदरीला जाताना म्हणाली होती, ‘सांगून करा ना काय करायचं ते. कुनी खाणार हाय का तुमाला?’ सांगतो की, असं तो म्हणाला होता. रोज एसटीत तो वाक्यं जुळवायचा, आणि दुकानाचं शटर दिसलं की ती कुठल्या कुठं जायची. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर – आणि हे रेणुकालाही सांगितलेलं नव्हतं – त्याहून मोठी भीती वेगळीच होती. उस्ताद हो म्हणाले तर? ‘कर की, लेका,’ म्हणून वही आपल्या हातानं पुढं केली तर? अकरा वर्षं मी ऐकतोय, दत्तरावांनी या पोराला शिकवून माणूस केला, लय मोठ्या मनाचा माणूस. गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर म्हणतात आणि मी मान हलवतो. ते खोटं आहे का? नाही. खरं आहे, म्हणूनच... एक तरी गोष्ट अशी असावी की जी मला कुणी दिलेली नाही. आणि ती मिळवायला निघालो, तर पहिल्याच पावलाला त्यांचीच वही.

मोबाइल हातातच वाजला. पडद्यावरचा आकडा गेला आणि तिथं उस्तादांचं नाव आलं.

“सिद्धा, फाट्यावर उतरलोय मी. परभणीला तार आणायला चाललो होतो, म्हनलं आईला बघून जावं. सरळ येऊ का वळायचं कुठं?”

“सरळ... सरळ या, उस्ताद.”

आई, सगुणाबाई, अंगणात सूप घेऊन तूर निवडत बसली होती. फोनमधला आवाज मोठा, तिनं सगळं ऐकलं होतं. “आई, मी उस्तादांना...” एवढंच तो म्हणू शकला. तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग सूप खाली ठेवलं, हात धुतले, आत जाऊन बाजेवर आडवी झाली आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

“काय सांगितलंय? ताप का आणखी काही?”

“ताप.”

“किती दिसाचा?”

“कालपासून.”

तिनं रागवायला हवं होतं. तो मागं जाऊन मोटारीवर ताडपत्री टाकून आला, आणि ताडपत्रीचे कोपरे दगडांनी दाबताना आपण हे किती नीटनेटकं करतोय, असं त्याच्या मनात आलं.

उस्ताद आले ते पिशवीत मोसंबी घेऊन. खुर्ची ओढून बाजेशेजारी बसले. सिद्धोधन चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेला. पण भिंत अर्धीच, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“डॉक्टरला दाखवलं का?”

“दाखवलं की. गोळ्या दिल्यात.”

“काय म्हनला?”

“हवा बदलली, म्हनला. जाईल दोन दिवसांत.”

तिचा आवाज शांत होता, जरा खोल गेलेला, खरोखरच आजारी माणसासारखा. रोज सकाळी बुद्धमूर्तीसमोर पंचशील म्हणताना हाच आवाज... चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही या शीलाला, ती कणभर थांबते, मग म्हणते. चौथीत असताना शाळा बुडवून तो खोटं बोलला होता, तेव्हा तिनं मारलं नव्हतं. ते एकच शील तीनदा म्हणायला लावलं होतं. आणि आज तीच आई एकामागून एक, न अडखळता...

“पोरगा लय जीव लावतो तुमाला,” उस्ताद म्हणाले. “काल फोनवर आवाज कापत होता त्याचा.”

चहा उतू गेला.

कप घेऊन तो बाहेर आला तेव्हा एवढंच ठरवलं होतं, की आता बोलायचं नाही. आज नाही, आईसमोर नाही. उस्तादांनी पहिला घोट घेतला, आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला –

“उस्ताद, ती छत्तीस स्लॉटची जुनी पाच एचपी येते बघा... तिला वेढे चव्वेचाळीस का चोपन्न?”

चादरीखाली आईचा हात हलला. उस्तादांनी कप खाली घेतला, त्याच्याकडं पाहिलं, आणि हसले.

“आईला ताप हाय अन् तुझ्या डोक्यात वेढे? चोपन्न. चव्वेचाळीस भरशील तर महिन्यात परत जळंल. अन् वार्निश दोनदा दे तिला, एकदा देऊन भागत न्हाई. ते वहीत न्हाई लिहिलेलं.”

ते वहीत नाही... सहज म्हणाले की मुद्दाम? निघताना अंगणात चप्पल घालायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. जळालेल्या मोटारीचा वास त्यांना दहा पावलांवरून ओळखू येतो, आणि शेड तर त्याहून जवळ. पण त्यांनी मागं पाहिलं नाही. “उद्या येऊ नको, परवा ये. जवळ राहा आईच्या,” म्हणाले आणि फाट्याच्या दिशेनं चालू लागले. ऊन चढलं होतं. त्यांच्या पाठीवर सदरा घामानं चिकटला होता. पळत जाऊन गाठावं, असं वाटलं, पाय उचललाही... मग ते वळणाआड गेले.

तो आत आला. आई तशीच पडून होती, भिंतीकडं तोंड करून. डोळे उघडे.

“गेले ते, आई. ऊठ आता.”

“हं.” ती उठली नाही. भिंतीकडंच बघत म्हणाली, “ती मोसंबी कुणाला तरी देऊन टाक. मला न्हाई उतरायची घशाखाली.”

“मी सांगणारे त्यांना. परवा सांगतो.”

“सांग,” ती म्हणाली. विश्वास ठेवल्यासारखं नाही, न ठेवल्यासारखंही नाही.

शेडमध्ये मोटार वाट पाहत होती. आकडा आता पक्का होता; चार तासांत कॉइल भरून झाल्या असत्या. तो खुर्चीवर बसला. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं, नुकत्याच धुतलेल्या भांड्यासारखं. आणि त्याच्या मनात आलं, अगदी आतून, की ते तापलेलं असतं तर... थोडं तरी तापलेलं असतं तर. हे आपल्याच आईबद्दल आपण मागितलं, हे कळल्यावर त्याला हात काढून घ्यावासा वाटला. पण आईनं डोळे मिटले होते, आणि हात काढला तर ती ते उघडेल, म्हणून तो तसाच बसून राहिला.